फाल्गुन-चैत्रात अडीच एकराचं घर कसं चालवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको पुण्याच्या नोकऱ्या सोडून दिवाळीच्या सुमाराला खटाव तालुक्यातल्या गावी राहायला आली. घरात सासू-सासरे आणि आठ व अकरा वर्षांची दोन मुलं. विहिरीवरचं अडीच एकर रान, त्यात एक एकर शाळू (रब्बीची ज्वारी), अर्धा एकर गहू, अर्धा हरभरा, अर्धा उन्हाळी कांदा. एक म्हैस, एक गाय, थोड्या कोंबड्या. शिवरात्र झाली आणि सगळंच एकदम काढणीला आलं. दिवस कसा लावायचा, काय घरात ठेवायचं आणि काय विकायचं, उरलेल्या पाण्यावर भुईमूग करायचा का, मुलांना काय काम द्यायचं, आणि एवढं सगळं करून माणसासारखं जगता येतं का, असं घरातल्या सुनेनं विचारलंय.

जगता येतं. पण पहिला हिशेब पैशाचा मांडू नका, हातांचा मांडा. लहान शेतावर बाकी वर्षभर पैसा कमी पडतो. शिवरात्रीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत मात्र हात कमी पडतात, आणि त्यातही एकाच माणसाचे, घरच्या बाईचे. हरभरा उपटायला ती, कणसं खुडायला ती, कांदा कापायला ती, धार काढायला ती, आणि दुपारी सगळी सावलीला टेकली की कुरडईचा चीक घाटायलाही तीच. पुरुष काम करत नाहीत असं मी म्हणत नाही. त्यांची कामं एकामागून एक येतात, तिची एकावर एक येतात. म्हणून खाली मी जे सांगते त्या प्रत्येक गोष्टीला तुम्ही एकच कसोटी लावा: यात माझे तास वाचतात की जातात?

पिकं ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने बोलू.

पहिला मान हरभऱ्याचा. पानं पिवळी पडून गळायला लागली आणि घाटे हलवल्यावर वाजू लागले की एक दिवसही लांबवू नका. उपटणी पहाटे, अंगावर दव असताना करायची. ऊन चढलं की घाटे तडकतात आणि दाणे रानातच सांडतात. झाडावर आंब असते, तिने हातपाय चरचरतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट साडीवर चढवा आणि पायात मोजे घाला. आमच्या भागात बायका नवऱ्याचे शर्ट घालून रानात जातात ते काही हौस म्हणून नाही. अर्धा एकर हरभरा घरची चार माणसं दोन-तीन सकाळींत आटोपतात. हे काम मजुरावर सोडू नये असं माझं ठाम मत आहे. मजूर नऊला येणार, आणि नऊला हरभऱ्याची वेळ गेलेली असते.

शाळूचं उलट. ताटं उपटणं, पेंढ्या बांधणं, कणसं खुडणं हे काम कंबर मोडणारं आहे आणि त्याला पहाटच हवी असं नाही. ते उक्तं द्या. रोजावर लावलंत तर दोन वेळचा चहा आणि देखरेख तुमच्याच गळ्यात पडते. एकराचा आकडा ठरवून उक्तं दिलं की टोळी आपली आपण येते, काम उरकते आणि जाते. तुमचे चार-पाच दिवस मोकळे झाले, तेवढ्यात गहू बघता येतो. पैसे अगदीच नसतील तर पैरा करा, आज तुम्ही त्यांच्या रानात, उद्या ती तुमच्या. मात्र पैऱ्याची परतफेड त्याच हंगामात करायची. पुढच्या वर्षावर ढकललेला पैरा शेजार बिघडवतो.

आता कडबा. याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण शहरातून आलेली माणसं इथेच फसतात. कणसं खुडून झाली की व्यापारी बांधावर येतो, शेकड्याचा भाव सांगतो, रोख मोजतो. हातात पैसा नसतो, त्यामुळे मोह होतो. होय म्हणण्याआधी हा हिशेब करा. दुभत्या मोठ्या जनावराला हिरवा चारा थोडाफार मिळत असला तरी दिवसाला सहा किलो वाळलेला कडबा लागतो असं धरा. दोन जनावरं, म्हणजे बारा किलो. मार्चपासून जुलैअखेर, म्हणजे पावसावरचा नवा चारा हाताशी येईपर्यंत, दीडशे दिवस. झाले अठरा क्विंटल. एक एकर मालदांडी शाळूचा कडबा साधारण वीस क्विंटलांच्या आसपास भरतो. म्हणजे तुमच्याकडे विकायला काही नाही! विकलात तर तोच कडबा जूनमध्ये चढ्या भावाने परत घ्याल. गव्हाच्या भुश्श्यावर जनावर जगतं, पण दुधाला उतरत नाही. मालदांडी ही मोहोळला निवडलेली जुनी जात. तिच्यापेक्षा जास्त धान्य देणारे वाण नंतर पुष्कळ आले, तरी आमच्याकडे तिला लोक धरून आहेत ते भाकरीच्या चवीसाठी आणि या कडब्यासाठी.

कडब्याची गंज रचताना खाली दगड किंवा लाकडं टाका, मधोमध उंचवटा ठेवा म्हणजे वळवाचं पाणी निथळून जाईल. जागा घरापासून लांब आणि विजेच्या तारांखाली नसलेली हवी. मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात तारेला तार घासते, ठिणगी पडते आणि वर्षाची वैरण अर्ध्या तासात जाते. कडबाकुट्टी शेजाऱ्याकडे असेल तर दर आठवड्याला एकदा कुट्टी करून आणा. अख्खी पेंढी टाकली की जनावर पाला खातं आणि बुडखे तुडवतं.

गव्हाचं तुमचं पीक छोट्या वाफ्यांत आहे असं दिसतं. हार्वेस्टर अर्ध्या एकरात वळवायलाच जागा नसते, आणि आला तरी भुस्सा रानात उडवून टाकतो. तेव्हा विळ्याने कापणी आणि मळणी यंत्र हाच मार्ग. दाणा दाताखाली कटकन फुटला की पीक तयार समजा. कापणी सकाळी करा, दुपारच्या कडक उन्हात ओंब्या झडतात. भारे बांधून एका जागी आणा आणि मशीनवाल्याला आदल्या आठवड्यातच सांगून ठेवा. हंगामात तो राजा असतो, फोन उचलत नाही.

मळणीच्या दिवशी दोन नियम पाळा. मशीनच्या तोंडाशी पदर, ओढणी, मफलर, मोकळा वेणीचा शेपटा काहीही नको, आणि पेंडी आत ढकलायला हात नको. मुलं त्या दिवशी आजीजवळ घरात. मजा बघायला येऊ देत म्हणून सासरे आग्रह करतील, तरी नाहीच.

या सगळ्यावर टांगती तलवार गारपिटीची आणि वळवाची. २०१४ साली फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात जी गारपीट झाली ती ज्यांनी पाहिली, ते कापलेला गहू रात्री उघडा ठेवत नाहीत. ताडपत्री काढणीच्या आधी घरात असायला हवी, ढग दिसल्यावर आणायची वस्तू ती नव्हे. पिकविमा उतरवला असेल तर २०२५ च्या खरिपाआधी गारपिटीने नुकसान झाल्यावर ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं. कापून रानात सुकत ठेवलेल्या पिकालाही कापणीपासून १४ दिवसांपर्यंत तेव्हा हे संरक्षण असायचं; यंदा काय नियम आहे ते विमा उतरवतानाच विचारून घ्या. आधी फोटो काढा, कळवा, मग आवरायला घ्या. दुपारनंतर आभाळ गडगडायला लागलं की कोणीही झाडाखाली थांबायचं नाही. पुण्याच्या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप जवळपास वीज पडायचा इशारा देतं, ते घरातल्या प्रत्येक फोनमध्ये असू द्या.

कांदा सगळ्यात शेवटी, एप्रिलमध्ये. निम्म्या माना पडल्या की काढणीला तयार. त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडा. पाणी तोडायचं जिवावर येतं, वजन घटेल असं वाटतं, पण ओल्या रानातून काढलेला कांदा चाळीत सडतो आणि शेजारच्या दहा कांद्यांना घेऊन जातो. उपटल्यावर तीन-चार दिवस रानातच सुकू द्या, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यांवर येईल असा, म्हणजे ऊन लागून तो भाजत नाही. मग बोटाच्या पेराएवढी मान ठेवून पात कापा आणि सावलीत पंधरवडाभर पातळ थर करून ठेवा. मान अगदी बुडाशी कापली तर तिथूनच कूज शिरते.

निवडताना तीन वाटण्या करा. जोड, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले) आणि जाड मानेचे कांदे टिकत नाहीत, ते लगेच लोणंदच्या बाजारात घाला, जो भाव मिळेल त्याला. चिंगळी, म्हणजे अगदी बारका कांदा, घरात, मसाल्याला आणि रोजच्या भाजीला. मध्यम आकाराचा, घट्ट, कोरड्या मानेचा माल तेवढा चाळीत. एन-२-४-१ सारखा गावरान कांदा नीट सुकवला तर पावसाळा काढतो. आणि एक, डेंगळ्यांचं बी धरू नका. फुकट मिळतं म्हणून लोक धरतात, आणि पुढच्या वर्षी अर्धा प्लॉट डेंगळ्यांचाच होतो.

कांदा काढणी-कापणीत मात्र मजूर लावाच. अर्ध्या एकरात पन्नास-साठ क्विंटल माल निघतो, तो घरच्या दोन बायका कापत बसल्या तर हातांची कातडी आणि बाकीचं घर दोन्ही जातं.

भुईमुगाबद्दल तुमच्या सासऱ्यांचा उत्साह मला कळतो. विहिरीत आज पाणी दिसतंय, रान मोकळं होतंय, मग अर्धा एकर उन्हाळी भुईमूग का नको? कारण एकतर तो जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरायचा असतो, तुम्हाला मार्च उजाडेल. दुसरं पाणी. एक मिलिमीटर पाणी एका एकरावर म्हणजे चार हजार लिटर, एका गुंठ्यावर शंभर. एप्रिलच्या उन्हात पिकाला दिवसाला सहा मिलिमीटर धरा. अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे, रोज बारा हजार लिटर मागेल. हे मी पाटाने जाणारं आणि मुरणारं पाणी सोडून सांगतेय. माण-खटावच्या विहिरीला एप्रिलअखेर हे झेपेल की नाही ते विहिरीत दोरी सोडून बघा. दर आठवड्याला एकाच वेळी, मोटर चालू करायच्या आधी, पाण्याची खोली मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार अख्ख्या गावाच्या पाण्याचा ताळेबंद दर वर्षी मांडतं आणि त्यावरून पिकं ठरवतं. तुम्हाला तर एकाच विहिरीचा मांडायचाय.

मी काय करेन? दोन गुंठे भाजी आणि चार गुंठे हिरवा चारा, बस. सहा गुंठ्यांना रोजचे साडेतीन-चार हजार लिटर, थोडं वाया गेलं तरी पाच. भाजीत गवार, भेंडी, चार वेल दोडक्याचे, थोडी मेथी-कोथिंबीर घराच्या सावलीकडच्या बाजूला. गवार उन्हाला दाद देत नाही, तिला जास्त जागा द्या. चाऱ्याला मका. कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, लावलंत तर कोवळं कापू नका, फुलोऱ्यापर्यंत थांबा. कोवळ्या, पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत विष असतं, जनावराला किराळ (त्या विषाची बाधा) लागते आणि डॉक्टर यायच्या आत खेळ संपतो. कोणी शाळू न उपटता कापून नेला असेल तर त्याच्या धसकटांना पाणी मिळून फुटलेले कोंबही त्यातच आले. तिकडे गाय मोकळी सोडू नका.

म्हशीचं थोडं वेगळं आहे. काळी कातडी, घाम कमी, त्यामुळे ऊन तिला गाईपेक्षा जास्त बाधतं. दिवसाला सत्तर-ऐंशी लिटर पाणी तिला प्यायला लागतं, आणि दुपारी अंगावर दोनदा पाणी मारलंत तर संध्याकाळच्या दुधात फरक दिसतो. गोठ्याच्या पत्र्यावर पाचट किंवा उसाचा पाला टाका. लाळ्या-खुरकुताची लस झाली नसेल तर दवाखान्यात विचारून घ्या. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये.

आता दिवस कसा लावायचा. उन्हाने दिवसाचे दोन तुकडे केलेले असतात, ते मान्य करा. पहाटे पाच ते दहा पहिला, चार ते सात दुसरा. मधले सहा तास रानात जाण्याचं एकही कारण मला पटत नाही. मार्चमध्ये बरीचशी शाळा सकाळची होते, म्हणजे मुलांचा डबाही पहाटेच. हे सगळं पाचच्या ठोक्यावर एका बाईवर आदळतं. यावर माझा तोडगा असा, की पहाटेची धार आणि शेणघाण पुरुषांनी घ्यावी. सासरे धार काढत असतील तर उत्तम, नसतील तर नवऱ्याने शिकावी. म्हैस पंधरा दिवसांत हाताला सरावते. भाकरी एकदाच, सकाळी. संध्याकाळी आमटी-भात किंवा सकाळच्या भाकरीचा ताकातला काला. उन्हाळ्यात दोन्ही वेळा चूल पेटवून कोणी मोठं होत नाही.

विजेची पाळी रात्रीची असेल तेव्हा पाणी द्यायला नवरा रात्रभर जागतो आणि सकाळच्या पाचच्या तुकड्यात तो नसतो. त्या आठवड्यात काढणीचं काम ठेवूच नका. रात्री पाण्याला जाताना बूट, बॅटरी आणि हातात काठी. उन्हाळ्यात साप गारव्याला पाटाच्या कडेने आणि पेंढ्यांखाली येतात. आमच्याकडे घोणस भरपूर. पेंढी उचलण्याआधी काठीने हलवायची सवय मुलांनाही लावा. चावलाच तर मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका, सर्पदंशावरची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात थेट न्या.

मधल्या सहा तासांत झोप एक तास, हे मी सल्ला म्हणून सांगत नाही, काम म्हणून सांगते. उरलेल्या वेळात बेगमी.

बेगमीत पहिलं धान्य. तुमच्या सहा माणसांना, त्यात दोन लहान, गहू आणि ज्वारी मिळून वर्षाला साडेपाच-सहा क्विंटल लागतील. पाहुणे आणि यात्रा त्यातच आली. अर्ध्या एकराचा गहू सात-आठ क्विंटल आणि शाळू तेवढाच आला, तर निम्म्याहून जास्त विकायला मोकळं. पण एकदम नको. मार्चअखेर सगळ्यांचाच माल येतो. आधी वर्षाचं घरात भरा, पेरणीपुरतं बी वेगळं काढा, म्हणजे अर्ध्या एकराला वीस किलो गहू, पंधरा किलो हरभरा, एकराला चार किलो शाळू. मग राहिलेलं दोन-तीन हप्त्यांत विका. गहू-हरभऱ्याचे सरळ वाण असतील तर घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं. कोणत्या वाफ्यातलं बी धरायचं ते सासूबाईंना ठरवू द्या, ओंब्या बघण्यात त्यांची नजर तुमच्यापेक्षा तयार आहे, आणि हे खातं त्यांचं आहे.

गहू दोन-तीन कडक उन्हं देऊन वाळवा. कोठीत भरायचा तो संध्याकाळी गोळा करून रात्रभर निवल्यावर, सकाळी. गरम धान्य बंद केलं की आत घाम धरतं आणि तिथूनच कीड-बुरशीला सुरुवात होते. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळलेला. रोजच्या खाण्याच्या गव्हाला एरंडेलाचा हात फिरवला तरी पुरतो. दुकानदार अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या पुढे करेल. राहत्या घरात त्या आणूही नका. त्यातून निघणारा वायू झोपेत माणसं मारतो.

हरभरा अख्खा ठेवला की भुंगा पडतोच, म्हणून घरच्या वापराचा मार्चमध्येच भरडून डाळ करा. डाळीला भुंगा सहसा धरत नाही. पन्नास-साठ किलो डाळ, उसळीला पंधरा किलो अख्खा, बी वेगळं. बाकीचा विका.

मग वाळवणं. इथे मी जरा कठोर बोलणार आहे. कुरडया, पापड, सांडगे, शेवया, कांदा-लसूण मसाला, चिंच, हे सगळं पहिल्याच वर्षी करायला जाऊ नका, कोणी कितीही म्हणो. शेजारणीच्या अंगणात पाच खाटा वाळवणांनी भरल्या म्हणून आपल्याही भरल्या पाहिजेत असं काही नाही. तीन गोष्टी निवडा. मी तुमच्या जागी असते तर कुरडया, मसाला आणि चिंच घेतली असती. पापड-शेवया गावातल्या बचत गटाकडून विकत आणा, त्यांचाही हंगाम हाच.

कुरडई म्हणजे चार दिवसांचं काम. गहू तीन दिवस भिजत ठेवायचे, पाणी रोज बदलायचं, नाहीतर आंबूस वास राहतो. मग वाटून, गाळून चीक काढायचा, रात्रभर बसू द्यायचा आणि सकाळी वरची निवळ ओतून टाकायची. उकळत्या पाण्यात मीठ-हिंग घालून चीक घाटायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. घाटणं आणि पाडणं एकटीचं काम नाही. आळीतल्या चार-पाच घरांनी पाळी लावावी, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. त्या सकाळी मुलांना वाटीभर गरम चीक, त्यात दूध किंवा तूप, हाच नाश्ता. वेगळं काही करू नका.

मसाल्याला नवी लाल मिरची बाजारात आली की घ्या, दोन उन्हं द्या, देठं खुडा. देठं खुडणं हे सासऱ्यांना देता येईल असं काम आहे, बसून होतं आणि गप्पा मारता येतात. चिंगळी कांदा कापून वाळवून ठेवलेला असेलच. कुटायला डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, न्या. घरी उखळात कुटून मसाला चवीला जास्त चांगला होतो म्हणतात. होत असेलही, पण तुमचे खांदे जास्त महाग आहेत. चिंच फोडून चिंचोके काढायला आजी आणि नातवंडं पुरतात. मीठ लावून बरणीत दाबली की वर्ष निघतं.

मुलांना काय काम द्यावं असं तुम्ही विचारलंत. कोंबड्या त्यांच्या ताब्यात द्या, पूर्ण. कोंबडी खुडूक बसली असेल तर आत्ताच तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवा, सावलीच्या कोपऱ्यात, जवळ पाणी. सातव्या-आठव्या रात्री अंड्यामागे बॅटरी धरून बघायला शिकवा, शिरांचं जाळं दिसलं तर अंडं चांगलं, नुसतंच उजळलं तर काढून टाकायचं. एकविसाव्या दिवशी पिल्लं. अकरा वर्षांच्या मुलाला कॅलेंडरवर नोंद ठेवायला लावा, विहिरीच्या खोलीच्या शेजारीच. मे महिन्याच्या उन्हात अंडी बसवू नका, फुकट जातात. परीक्षा एप्रिलमध्ये असते, ती मळणीच्या दिवशी येणार नाही एवढं आधी बघा. अंगमेहनतीचं काम मुलांना नको, पण काढणी चालू असताना ती नुसती फोन बघत बसली तर त्यांना हे घर कधी आपलं वाटणार नाही. विहिरीला कठडा नसेल तर काढणीच्या आधी तो घाला. हा खर्च पुढे ढकलायचा नाही.

राहिले सण आणि पाहुणे. होळी हरभरा-शाळूच्या मध्ये पडते, पुरणाला नवी डाळ होते. पाडव्याला गहू घरात आलेला असेल तर छान, नसेल तर जुन्याच्या पोळ्या करा, गुढीला फरक पडत नाही. चैत्रगौर पाडव्यानंतरच्या तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत असते, हळदीकुंकू त्यातल्या कोणत्याही सोयीच्या दिवशी करता येतं. तेव्हा ते कांदा काढून झाल्यावर ठेवा. कैरीची डाळ आणि पन्हं, वाटायला भिजवलेले हरभरे, सगळं घरचंच. खरी ओढाताण गावच्या यात्रेची. चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी जातात आणि त्याच्या मागे-पुढे आमच्या भागात गावोगाव यात्रा लागतात. पाहुणे मुक्कामाला येतात, जेवणावळ होते, आणि कर्ज काढून यात्रा करणारी घरं मी पुष्कळ पाहते. यंदा नवऱ्याने भावकीत आधीच सांगून टाकावं की आमच्याकडे एकच वेळचं जेवण. पहिल्या वर्षी जो पायंडा पडतो तोच पुढे चालतो, म्हणून लाज वाटली तरी यंदाच सांगा. आणि आलेल्या पाहुण्यांना कांद्याच्या ढिगाजवळ बसवायला हरकत नाही. शहरातल्या नणंदा-जावा तासभर आनंदाने निवडतात, दुसऱ्या दिवशी हात दुखल्याचं सांगतात.

एप्रिलअखेर कांद्याखालचं आणि गव्हाखालचं रान मोकळं होईल. तेव्हा ट्रॅक्टरवाला मोकळा असतो. एक खोल नांगरट करून ढेकळं तशीच उन्हात तापू द्या, जमिनीतले किडींचे कोष वर येऊन मरतात, पाखरं खातात, हरळीच्या काशा वाळतात. शेणखत आत्ता पसरू नका, उन्हाने त्यातलं सत्त्व जातं. मेच्या शेवटी, वळीव पडून गेल्यावर पसरा आणि लगेच कुळवून घ्या. त्या मधल्या तीन-चार आठवड्यांत माहेरी जाऊन या. म्हशीची धार नवऱ्याला तोवर येत असेल.